पीक पाहता, तसे अंगही पाहा



सोयाबीन महिन्याचे झाले की मी शेतकऱ्याला बांधावरून खाली उतरवतो. बांधावरून सगळे रान हिरवेगार दिसते, पण त्यातून काही कळत नाही. ओळीत शिरावे लागते, वाकावे लागते, झाड हातात धरून देठ आणि फांदी पाहावी लागते. चक्री भुंग्याची मादी देठावर किंवा फांदीवर थोड्या अंतराने दोन गोल खापा पाडते आणि त्यांच्यामध्ये अंडी घालते. खापेच्या वरचा भाग सुकू लागतो. तेवढ्यातच तो भाग तोडून नष्ट केला तर झाड वाचते. अळी पोखरत खोडात उतरली की मग महागडे औषध मारूनही हात चोळत बसावे लागते. कपाशीचेही तसेच. बोंड वरून टच्च भरलेले आणि आत गुलाबी अळी.

बुलढाणा जिल्ह्यात पंचायत समितीचा कृषी विस्तार अधिकारी म्हणून माझी हयात गेली. "आठवड्यातून एकदा तरी पिकात फिरा, वेळेवर पाहा," हे वाक्य मी किती गावांत, किती पारांवर सांगितले असेल याचा हिशेब नाही. आणि हे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरात, सख्ख्या बहिणीच्या अंगात रोग दोन वर्षे वाढत होता, तो मला दिसला नाही. सांगायला लाज वाटते. पण या पानावर आपण घरच्यासारखे बोलतो, म्हणून सांगतो.

आमची आई मी सहा वर्षांचा असताना वारली. मला वाढवले ते आक्काने. मी अकोल्याला कृषी विद्यापीठात बी.एस्सी. करीत होतो तेव्हा ती सासरहून तूर विकून मला खानावळीचे पैसे पाठवी. तिचे सासर मेहकर तालुक्यात. नोकरी लागल्यावर तिच्या गावात आमचा तुरीचा प्रात्यक्षिक प्लॉट होता, म्हणून पंधरा दिवसांनी माझी तिकडे चक्कर होई. चहा तिच्याच घरी. मी भाच्याला विचारी, "शेंगा पोखरणारी अळी किती दिसते? झाडे हलवून पाहिलीस का?" आक्काकडे पाहून एकदा एवढेच म्हणालो, "वाळलीस गं आक्का." ती म्हणाली, "वय झालं भाऊ." तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती.

२००८ च्या पावसाळ्यात भाच्याची बायको पाण्याची कळशी घेऊन बांधावर आली. खाली मान घालून म्हणाली, "मामा, आत्याबाईंच्या दोन वर्षांपासून अंगावर जातं. पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती, मग पुन्हा सुरू झालं. आता वास येतो. कोणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती त्यांनी."

मी आक्काला विचारले तेव्हा ती रडली नाही, रागावली. "भाऊ, हे काय तुले सांगायची गोष्ट हाय का? बाईच्या जातीचं बाईजवळ." उष्णता झाली म्हणून तिने सब्जा घेतला, गुलकंद घेतला. एका दवाखान्यात न तपासता रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्याही घेतल्या. दोन वर्षे पहाटे सगळ्यांच्या आधी उठून कपडे धूत राहिली. मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, तिसरा टप्पा. मुंबईला न्या म्हणाले.

मेहकरहून एसटीने शेगाव, शेगावहून विदर्भ एक्सप्रेसने दादर. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालेले. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक तिथे येतात. आक्काला शेक सुरू झाले आणि आम्ही दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत राहिलो. संध्याकाळी वऱ्हांड्यात सगळे एकत्र बसत. एका गृहस्थाचा अर्धा गाल कापलेला. एका बाईचे स्तन काढलेले. एक म्हातारा पाण्याचा घोटही जेमतेम गिळणारा, त्याची अन्ननलिका धरलेली. आणि एक आठ वर्षांचा पोरगा, डोक्याला टोपी, अंगावर कुठे गाठ नाही की जखम नाही. त्याला रक्ताचा.

आक्काने एकदा विचारले, "भाऊ, मला झाला तो आन् त्या लेकराला झाला तो एकच कॅन्सर का रे?"

मी पिकांच्या रोगांवर तासभर बोलू शकतो, पण या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांना विचारले, पुढे वाचलेही. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

आपले शरीर कोट्यवधी बारीक पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, गरजेपुरत्या नव्या तयार होतात. एखाद्या पेशीतला हा हिशेब बिघडला की ती गरज नसताना वाढत सुटते, शेजारच्या भागात घुसते. याला कर्करोग म्हणतात. हा एक रोग नव्हे, शंभराहून अधिक रोगांचे ते एक आडनाव आहे. पहिली पेशी जिथे बिघडली, त्या जागेवरून प्रत्येकाचे नाव पडते.

सर्वांत जास्त कर्करोग अस्तराचे असतात. तोंड, घसा, अन्ननलिका, जठर, आतडे, फुप्फुस, गर्भाशयाचे मुख, स्तनातल्या दुधाच्या नळ्या, या सगळ्यांना आतून अस्तर असते आणि रोग तिथे सुरू होतो. हाडे, स्नायू, चरबी यांत होणारा वेगळा, त्याला सार्कोमा म्हणतात, तो तसा कमी आढळतो. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होते. तिथे पांढऱ्या पेशी बिघडल्या तर तो रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया. त्यात गाठ नसते, म्हणून त्या पोराच्या अंगावर काही दिसत नव्हते. सारखा ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, पांढरेफटक पडणे ही त्याची लक्षणे. लहान मुलांत हाच जास्त आढळतो, आणि वेळेवर पूर्ण उपचार केले तर बहुतेक मुले बरी होतात. मान, काख, जांघ इथल्या लसिका ग्रंथींत होतो तो लिम्फोमा. मेंदूचा आणखी वेगळा.

रोग रक्तावाटे दुसरीकडे गेला तरी त्याचे नाव बदलत नाही. आपल्या बांधावरच्या गाजरगवताचे बी वाऱ्याने शेजाऱ्याच्या रानात पडले, तरी उगवते ते गाजरगवतच. स्तनाचा रोग हाडात उतरला तर त्याला स्तनाचाच म्हणतात आणि औषधही त्याचेच देतात. आणि प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक गाठी साध्या असतात, त्या शेजारी घुसत नाहीत. कोणती कोणती हे तुकडा तपासूनच कळते. "लोखंड लागले की पसरतो" असे गावात म्हणतात, ते खरे नाही. तपासणीच्या सुईने रोग पसरतो या भीतीने लोक मोलाचे महिने घालवतात. हा रोग एका ताटात जेवल्याने लागत नाही, हेही सांगून ठेवतो. आक्का आजारी पडल्यावर शेजारच्या बायकांनी तिच्याकडचे पाणी पिणे सोडले होते. त्याचे तिला रोगापेक्षा जास्त लागले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात त्या वर्षी कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण झाले. त्यांत पहिला स्तनाचा, सुमारे १ लाख ९२ हजार. दुसरा तोंडाचा, सुमारे १ लाख ४३ हजार. तिसरा गर्भाशयमुखाचा, सुमारे १ लाख २७ हजार. या तीन जागा नीट ध्यानात घ्या. तोंड आरशात दिसते. स्तन हाताला लागतो. गर्भाशयाचे मुख नर्सबाईंना साध्या उपकरणाने पाच मिनिटांत पाहता येते. फुप्फुस, यकृत, स्वादुपिंड या खोल जागा, तिथला रोग उशिरा कळतो. पण आपल्याकडे सर्वांत जास्त माणसे ज्या तीन जागी धरली जातात, त्या तिन्ही पाहता येण्यासारख्या आहेत. आपण पाहत नाही.

आक्काला पाच-सहा महिने बरे वाटले. मग कंबरेत दुखू लागले, पायावर सूज आली. २००९ च्या मृगात पेरण्या चालू असताना ती गेली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक मोठा अभ्यास छापून आला होता. मला तो फार पुढे वाचायला मिळाला. तो आपल्याच राज्यातला, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांचा. शेजारच्या बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. बार्शी, परांडा, भूम या भागांतल्या ३४६ खेड्यांत कर्करोगाचा रुग्ण सापडला की त्याची नोंद ठेवण्याचे काम तिथे १९८७ साली सुरू झाले. खेड्यांची अशी नोंद देशात पहिलीच. नोंद करणारे गावोगाव जात, बायकांशी बोलत, लक्षणे सांगत. त्यामुळे बायका पूर्वीपेक्षा लवकर तपासणीला येऊ लागल्या. पुढे टाटा आणि बार्शीच्या डॉक्टरांनी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका अभ्यासात घेतल्या. एका गटातल्या बायकांची, हा रोग ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी एकदाच केली आणि ज्यांच्यात दोष दिसला त्यांच्यावर उपचार केले. आठ वर्षांनी हिशेब केला. या गटातल्या ३४ हजारांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ बायका गेल्या. तपासणी न केलेल्या ३१ हजारांच्या गटात ६४ गेल्या. तुलनेसाठी त्या गटाला तपासणीविना ठेवले यावर पुढे टीकाही झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण त्यातून जे कळले ते आता सगळ्यांच्या उपयोगाचे आहे. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मरणे निम्म्यावर आली. त्या बायका आपल्यासारख्याच, ज्वारी खुडणाऱ्या, विहिरीवर धुणे धुणाऱ्या. आक्का त्यांच्यातलीच एक शोभली असती.

या विषाणूबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेकांना केव्हातरी लागून जातो. शरीर आपोआप त्याला घालवते. काहींच्या अंगात तो दहा-पंधरा वर्षे टिकून राहतो आणि मग रोग होतो. तेव्हा यात बाईच्या चालचलणुकीचा काही संबंध नाही. आक्काने जी लाज दोन वर्षे पोटात ठेवली, तिला मुळात काही कारणच नव्हते. आता यावर लसही आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना तिचे दोन डोस देतात. पुण्याच्या सिरम संस्थेची देशी लस २०२३ पासून मिळू लागली आहे. आपल्या लेकीसाठी आरोग्य केंद्रात चौकशी करा.

शेतकरी मला विचारतात, "साहेब, फवारणीने कॅन्सर होतो का?" मी टाळत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत लोक बीएचसी पावडर उघड्या हाताने धुरळत. मी पाहत असे आणि हातमोजे घाला म्हणण्यापलीकडे काही करीत नसे. ती पावडर १९९७ साली बंद झाली. त्याच कुळातले लिंडेन माणसात कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली जाहीर केले. डीडीटी, मॅलाथिऑन आणि ग्लायफोसेट तणनाशक यांना तिने 'बहुधा करणारे' या यादीत घातले. तेव्हा वाऱ्याच्या दिशेनेच फवारा, अंगभर कपडे घाला, हाताने द्रावण ढवळू नका, रिकामा डबा पाण्याला वापरू नका. बुरशी आलेला भुईमूग आणि मकाही खाऊ नका. त्या बुरशीच्या विषाने यकृताचा कर्करोग होतो. जनावरालाही घालू नका, ते विष दुधात उतरते. पण फवारणीला दोष देऊन आपण सुटत नाही. आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण आपल्या खिशात असते, त्याचे नाव तंबाखू.

इथे मलाही माझी गोष्ट सांगावी लागेल. आक्काला मुंबईला नेले, गाल कापलेला माणूस रोज समोर पाहिला, तरी माझी तंबाखू सुटली नाही. २०१४ साली दाढी करताना आरशात डाव्या गालाच्या आत, जिथे मी चिमूट ठेवी बरोबर तिथे, पांढरा चट्टा दिसला. बोटाने पुसला, निघेना. सात-आठ दिवस मीही आक्कासारखाच गप्प राहिलो. मग बायकोला सांगितले. ती म्हणाली, "अळी दिसल्यावर शेतकऱ्याला थांबा म्हणता का?" दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तुकडा तपासला. कर्करोग झालेला नव्हता, होण्याच्या वाटेवर होता. चट्टा काढला, तंबाखू त्या दिवसापासून बंद. डबी अजून टेबलाच्या खणात रिकामी पडली आहे.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण खर्रा गावोगाव घोटला जातो, बायका मिश्री लावतात, आणि नुसती सुपारीही निर्दोष नाही. ती स्वतःच कर्करोग करते. आधी तोंड उघडणे कमी होते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर तपासून घ्या.

आता पाहणी कशी करायची ते सांगतो. महिन्यातून एकदा चूळ भरून, आरसा आणि बॅटरी घेऊन गाल, हिरड्या, ओठाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलणारा दात दिसला की दाखवावे. बायकांनी पाळीनंतर आठवड्याने आंघोळीच्या वेळी बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन आणि काख चाचपावी. गाठ, कातडी आत ओढणे, बोंडशी आत जाणे किंवा तिच्यातून रक्त येणे ही लक्षणे. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नये, रोगाची गाठ पुष्कळदा दुखत नाहीच. मुंबईत वीस वर्षे चाललेल्या एका अभ्यासात शिकवलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाची मरणे जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाली. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे.

पाळी बंद झाल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे आणि घाण वासाचे पाणी जाणे यांना उष्णता म्हणू नका. पण खरे शहाणपण लक्षणाआधी तपासण्यात आहे. तिशीच्या पुढच्या स्त्री-पुरुषांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दिवस विचारा. याशिवाय तीन आठवड्यांवर आवाज बसणे, गिळताना अडणे, खोकल्यातून, लघवीतून किंवा शौचातून रक्त, मानेत वाढती गाठ, कारणाशिवाय वजन उतरणे, यांपैकी काही असेल तर दाखवा. बहुतेकदा दुसरेच काहीतरी निघते. निघू द्या, एक फेरी वाया गेली तर काही बिघडत नाही.

पैशाची चिंता खरी आहे. आक्काच्या वेळी आम्ही बैलजोडी विकली. आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार तयार ठेवा. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत आहे, दवाखान्याचा दाखला लागतो.

भाच्याची बायको आता बचतगटाची अध्यक्ष आहे. गेल्या कार्तिकात तिने गटातल्या अकरा बायकांना ऑटोत बसवून आरोग्य केंद्रात नेले. त्यांच्या नवऱ्यांना आदल्या दिवशी मी पारावर बसवून सगळे सांगितले होते. कोणी हसले, कोणी उठून गेले, पण बहुतेकांनी ऐकले. अकरांपैकी एकीच्या तपासणीत पांढरा डाग दिसला. तिला पुढे पाठवले, उपचार झाला, चौथ्या दिवशी ती निंदणाला आली. त्या संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. "मामा, आत्याबाईंची शपथ मी दोन वर्षं पाळली. तेव्हाच मोडायला पाहिजे होती." मी म्हटले, "पोरी, तू मोडलीस तरी. मी तर विचारलेच नव्हते."

बंधूंनो, हे पान बायकोच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. आज रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचा. आई, बहीण, बायको, सून यांना विचारा, आणि आरसा घेऊन आपलेही तोंड पाहा. पिकात फिरायला आपण आठवड्याचा एक दिवस काढतो. अंगासाठी महिन्याचा एक काढा.